चोरलेल्या कोंबड्याचं खाणंपिणं

होकोतेनांगो,
३१ जानेवारी, शनिवार

तीर्थरूप तेओदोरामावशीस,
तुझ्या फेर्मीनचा वाकून नमस्कार.

सव्वीस डिसेंबर, दुपारचे साडेतीन. मावशी, माझ्या आयुष्याचे दोन तुकडे करायचे झाले तर सुरी तिथे ठेवावी लागेल. त्याआधीचा फेर्मीन वेगळा (शांत, समजूतदार, हसू नकोस) आणि त्यानंतरचा वेगळा. पण ते सांगण्याआधी रीतीप्रमाणे विचारतो: तुझा डावा गुडघा कसा आहे? रोपवाटिकेत अजून दिवसभर उकिडवी बसतेस का? मुकादमाशी धरलेला अबोला सुटला का? सानारात्याच्या उन्हात टोपी घालतेस ना? आई सांगत होती की तू हल्ली माझा उल्लेख ‘तो फटाका’ असा करतेस. मला त्याचा मुळीच राग आला नाही. (दोन दिवस आला होता.) इकडे मी ठीक आहे. झेरॉक्सच्या दुकानातली नोकरी टिकून आहे, चोनाकाकूंच्या घरातली भाड्याची खोलीही टिकून आहे, वजन थोडं उतरलंय. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलूच देत नाहीस, आणि या प्रकरणात दुसऱ्या वाक्याशिवाय पहिलं वाक्य फार वाईट ऐकू येतं. पहिलं वाक्य असं: मी एका म्हातारीच्या घरात चोरी केली.

आता दुसरं वाक्य. मी चोरलं ते बाळ. नाताळच्या देखाव्यातलं, गव्हाणीत निजवलेलं, वीतभर लांबीचं मातीचं बाळ. ते चोरण्यात गुन्हा काही नाही हे तुला काय सांगू? तू स्वतः शेजाऱ्यांचं बाळ पळवलं होतंस, आणि कांदेलारियाच्या दिवशी, दोन फेब्रुवारीला, ते वाजतगाजत परत करताना मारिंब्याच्या तालावर नाचून चपलेचा अंगठा तोडला होतास. ज्यांचं बाळ कुणीच चोरत नाही ती माणसं जानेवारीभर तोंड पाडून फिरतात, आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून. तेव्हा बासिलियाआजींचं बाळ चोरून मी त्यांचा मानच राखत होतो. शिवाय (हे खासगी आहे, आईला सांगू नकोस) बासिलियाआजींना एक नात आहे. ओदिलिया. वय एकोणीस. चोर जेव्हा बाळ परत करायला येतो तेव्हा त्याला पुढच्या दाराने, वाजंत्रीसकट, सगळ्यांच्या देखत आत घ्यावं लागतं. दीड वर्ष मी त्या दारावरून नुसता जातोय. कधी पाव आणायला, कधी पाव न आणायला. त्या दारातून आत जायचा दुसरा कुठलाही रस्ता मला सुचला नाही.

तर साडेतीन वाजता सगळं घर पानात उकडलेले मक्याचे तमाल खाऊन पेंगलेलं. मी ओसरीवर शिरलो. देखावा असा की पाहत राहावं: रंगीत भुशाचे डोंगर, पिवळ्या फळांच्या माळा, चाळीसएक मेंढ्या. पण बाळ गव्हाणीत नव्हतं. या वर्षी त्यांनी ते एका भल्यामोठ्या कोंबड्याच्या मधोमध निजवलं होतं. (कोंबडा म्हणजे झाड, हे तुला सांगायला नको. पण हे पत्र आई चोरून वाचेलच, आणि ती शहरात वाढलेली, म्हणून लिहितो: मातीशिवाय हवेवर वाढणारं, रुपेरी, कुरळ्या पानांचं. देखाव्यात नेहमी ठेवतात ते.) त्या कोंबड्याला तांबूस तुरा आला होता, तुऱ्यात जांभळी फुलं, आणि पानांच्या वळणांत बाळ असं गच्च बसवलेलं की सुटेना. मी ओढतोय, ते येत नाही. तेवढ्यात आतून चपला वाजल्या. त्या चपला मी हजार चपलांत ओळखतो. डोकं चाललं नाही. मी बाळ, कोंबडा, फळांची एक माळ आणि पानांत अडकलेली एक मेंढी असं सगळं जाकिटात घातलं आणि भुशाच्या हिरव्या डोंगरावरून पळालो.

घरी आल्यावर बघतो तर बुटांना हिरवा भुसा. म्हणजे रस्ताभर, त्यांच्या ओसरीपासून माझ्या दारापर्यंत, हिरवी पावलं! रात्रभर तळमळलो. सकाळी झाडू घेऊन बाहेर आलो तर रस्ता लख्ख. रात्री वारा सुटला असणार. देवाची कृपा आहे माझ्यावर, असं तेव्हा वाटलं होतं.

तीन दिवसांनी दुकान उघडतोय तर ओदिलिया समोर. हातात कागद. म्हणाली, तीस प्रती काढा. मी कागद काचेवर उलटा ठेवला, मग सुलटा, मग वाचला. तो जसाच्या तसा इथे उतरवतो:

‘चोरास कळावे. बाळ नेलंत, आनंद झाला, कांदेलारियाला वाट पाहू. पण कोंबडा नेलात हे बरं केलं नाहीत. तो आमच्या निकानोर आजोबांनी माझ्या जन्माच्या वर्षी मोताग्वाच्या डोंगरातून आणला होता. आजोबा आता नाहीत. एकोणीस वर्षांत तो पहिल्यांदा फुलला म्हणून आजीने बाळ त्यात निजवलं. कोंबडा जिवंत परत आला नाही तर चोराने बाळ उंबऱ्यावर ठेवावे आणि तसेच मागे फिरावे. आजीच्या सांगण्यावरून, ओदिलिया.’

मावशी, तीस वेळा तो कागद माझ्या डोळ्यांसमोरून सरकला. तीस वेळा ‘तसेच मागे फिरावे’.

आता तुला कॉलेजबद्दल सांगायला हवं, कारण तुला ते आईकडून कळलं असणार, म्हणजे चुकीचं कळलं असणार. मी नापास झालो नव्हतो. परीक्षेत प्रश्न आला: हवेवर वाढणाऱ्या झाडांचं पोषण कसं होतं? पाच गुण. मी एका शब्दात उत्तर लिहिलं: हवा. सरांनी शून्य दिलं आणि वर वर्गात वाचून दाखवलं. मी उभा राहून म्हटलं की माझी सख्खी मावशी तीस वर्षं ही झाडं वाढवतेय, तिच्याकडे मी लहानपणी प्रत्येक सुट्टीत राहिलोय, आणि तिने त्यांना जेवण वाढलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. सर म्हणाले, ‘अरे मग मावशीला विचारायचं होतंस ना, की तिथे नुसता आंबे खायला जात होतास?’ वर्ग हसला. मी ॲप्रन काढून भिरकावला. तो जाऊन निवडुंगाच्या कुंडीवर अडकला. दारापर्यंत गेल्यावर आठवलं की खोलीची किल्ली ॲप्रनच्या खिशात आहे. परत आलो, एकेक काटा सोडवत बसलो, सगळा वर्ग बघतोय, सरांनीच शेवटी चिमटा आणून दिला. इतक्या रुबाबात सोडलेलं कॉलेज आणि शेवट असा. त्यानंतर कुठल्या तोंडाने परत जाणार?

(खरं म्हणजे आंबे खायलाच येत होतो. तू दोनतीनदा म्हणाली होतीस, फेर्मीन, इकडे ये, हे बघ कसं करायचं. मी सरड्यांमागे होतो.)

तर माझ्याकडे पस्तीस दिवस होते, एक कोंबडा होता, आणि माझं सगळं ज्ञान एका शब्दाचं होतं. शिवाय खोली अशी की खिडकी दोन वर्षांपूर्वी रंग लावताना चिकटली ती उघडलीच नव्हती. म्हणजे हवासुद्धा नव्हती.

पहिल्या दिवशी मला तो तहानलेला वाटला. पानं आत वळलेली, टोकं कोरडी. मी त्याला बादलीत बुडवला आणि कामावर गेलो. दुसऱ्या दिवशी ओदिलिया आणखी प्रतींसाठी आली तेव्हा मी सहज, अगदी सहज विचारलं, की समजा, एखाद्याने तो कोंबडा बादलीत ठेवला असेल तर? तिने पर्समधून नजरसुद्धा वर केली नाही.

‘किती वेळ?’

‘समजा, कालपासून.’

‘अगं आई गं! तुमच्या त्या समजाला म्हणावं, आत्ताच्या आत्ता घरी जा आणि काढ बाहेर.’

मी दुकानाला कुलूप लावून धावलो. ती बाहेरच्या पायरीवर माझी वाट पाहत बसली. परत आल्यावर माझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. तिने काही विचारलं नाही. मावशी, एवढी सालस मुलगी आहे, तिच्या मनात संशय येतच नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरा कागद: ‘चोरास सूचना. आठवड्यातून एकदा अर्धा तास आंघोळ, त्याहून जास्त नाही. मग उलटा धरून पाणी झटकावे आणि तसाच उलटा वाळत ठेवावा. चार तासांत वाळला पाहिजे. पोटात पाणी साचलं की आतून कुजतो आणि बाहेरून कळतही नाही.’

मी तो उलटा टांगला. दिव्याच्या हुकाला, हाताशी होती त्या तारेने. मग वाटलं विचारून घ्यावं. समजा, तारेने टांगला तर? ‘कसली तार?’ समजा, तांब्याची. तिने कपाळाला हात लावला. तिसरा कागद: ‘तांबं याला विष. तार काढावी. दोरा वापरावा.’ तोवर तारेला टेकलेली तीन पानं काळी पडली होती.

आणि इथून पुढे मावशी, मला वेड लागलं. भीतीने नाही, कुतूहलाने. (भीती होतीच.) म्हणजे हा खातो तरी कसा? मुळं आहेत, पण ती नुसती फांदीला धरायची, पिण्याची नव्हेत. तोंड नाही. दुकानातलं भिंग घरी आणलं आणि एका पानाकडे तासभर पाहत बसलो. चांदीसारखं जे चकाकतं ना, तो रंग नाहीच! बारीक बारीक खवले आहेत, हजारो, एकाला एक लागून, जणू प्रत्येकाने आपली वाटी पुढे केलीय. बोटाने एक थेंब ठेवला. बघता बघता खवले आडवे पडले, पाणी आत गेलं आणि ती जागा हिरवी झाली. फुंकर घालून वाळवली तर पुन्हा रुपेरी. त्या दिवशी मी सतरा थेंब ठेवले. चोनाकाकूंचा स्वयंपाकघरातला तराजू आणून आंघोळीआधी आणि आंघोळीनंतर तोललं. झटकून, निथळूनसुद्धा दोन लिंबांएवढं वजन वाढलं होतं. ते पाणी कुठल्याशा तोंडाने नव्हे, अख्ख्या अंगाने प्यायला होता तो! सरांचं बरोबर होतं. पाचपैकी शून्यच योग्य. हे तू कुणाला सांगू नकोस.

(वजनाच्या वेळी बाळाला बाहेर काढण्यात मला यश आलं, तेही साबण लावून. हल्ली ते माझ्या उशीशेजारी मेंढीबरोबर निजतं. चोनाकाकू खोलीत आल्या की क्रुसाची खूण करतात आणि मग माझ्याकडे बघून हसतात.)

चोनाकाकूंचंच मी ऐकायला नको होतं. त्या म्हणाल्या, फुललेला जीव आहे, बाळंतिणीसारखा जपायला हवा, कोंबडीचा रस्सा घाल. आता विचार कर, कोंबड्याला कोंबडीचा रस्सा! पण मी खवले पाहिले होते. म्हटलं एवढ्या वाट्या पुढे केल्यात तर पाण्यापेक्षा बरं काहीतरी वाढावं. एक डाव घातला. दुसऱ्या दिवशी मुंग्या. खिडकीच्या फटीतून निघालेली रांग, टेबलावरून कोंबड्यात, कोंबड्यातून उशीवर, उशीवरून बाळाच्या पायावर. दोन तास मी एकेक पान कुंचल्याने धुतलं. ओदिलियाला यातलं एक अक्षर बोललो नव्हतो, शपथ, आणि तरी चौथा कागद आला: ‘खाणं: पावसाचं साठवलेलं पाणी. फारच वाटलं तर महिन्यातून एकदा खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथा हिस्सा. रस्सा नाही.’ हे तिला कसं सुचलं, मला अजून कोडं आहे. (ती आणि चोनाकाकू चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात, पण काकूंना मी शपथ घातली होती.)

पुढचा कागद हवेचा. बंद खोलीत ठेवू नये, वारा लागू द्यावा, उजेड भरपूर हवा पण दुपारचं ऊन थेट नको. मी पटाशीने खिडकी उघडली. दोन वर्षांनी. आणि समोर रस्ता, आणि रस्त्यावरून पाव आणायला निघालेली ती! रोज सात वाजून दहा मिनिटांनी जाते, मला ठाऊकच नव्हतं. मग लक्षात आलं, मला ती दिसते तर तिला कोंबडा दिसणार. झटकन पडदा लावला. आपल्या हुशारीवर मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी नवा कागद, एकाच ओळीचा: ‘पडद्यामागे ठेवू नये.’

मी ओदिलियाला म्हटलं, तुम्ही सगळ्या शक्यतांचा विचार करता. ती म्हणाली, ‘करावा लागतो. आमचा चोर फार कल्पक आहे.’

‘सापडला तर काय कराल त्याला?’

‘आजी म्हणते, कान उपटीन.’

‘आणि तुम्ही?’

‘मी आधी त्याचं खिडकीचं तावदान पुसीन. किती घाण आहे ते!’

(कुठल्याही चोराच्या खिडकीबद्दल ती सर्वसाधारणपणे बोलत असावी.)

इथवर सगळं गोड आहे. आता कडू. मावशी, तो मरतोय. पंधरा जानेवारीला जांभळी फुलं गळाली. मग तुरा फिका पडला. मग खालची पानं, एकेक करून, टोकापासून तपकिरी. मी आंघोळी मोजून घातल्या, उलटा वाळवला, पाणी पावसाचंच, वारा, उजेड, सगळं कागदाबरहुकूम. तरी रोज सकाळी थोडा थोडा जातोय. बादलीने मारला, की तारेने, की रश्शाने, ते मला ठरवता येत नाही. तिन्ही मीच केलं. एकोणीस वर्षं तो त्या ओसरीवर कुणाच्याही कागदाशिवाय जगला आणि माझ्या खोलीत महिनाभर टिकला नाही. परवा दोन फेब्रुवारी. चोनाकाकूंनी चुचितोंसाठी, म्हणजे छोट्या तमालांसाठी, कणसाची पानं भिजत घातलीत, मारिंबावाले दोघं ठरलेत. सगळी तयारी आहे, फक्त उंबरा ओलांडता येणार नाही. ओदिलियाला नेहमीसारखं सहज विचारायचं धाडस मी करणार होतो, समजा कोंबडा मेला तर? पण ‘समजा’ हा शब्दच तोंडातून फुटला नाही.

असो. तू तब्येत सांभाळ. गुडघ्याला गरम विटेचा शेक दे. मुकादमाला माझा नमस्कार सांगू नकोस. लहानांना पापा.

तुझा,
फेर्मीन

ता. क. एक लहानसं काम होतं. तुझ्या रोपवाटिकेच्या मागच्या जाळीवर एक जुना कोंबडा टांगलेला असायचा, जवळजवळ याच्याच मापाचा. त्याला तुरा असला तर उत्तम. नसला तर मी काहीतरी बांधीन. तो वर्तमानपत्रात गुंडाळून उद्या संध्याकाळपर्यंत बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठव. आजींना दिसायला कमी दिसतं. म्हातारीला फसवतोय असं म्हणू नकोस. मी तिला मेलेल्या नवऱ्याचं जिवंत झाड देतोय. (हे वाक्य मी तीनदा वाचलं. चांगलं नाही. तरी पाठव.)

ता. क. २, रविवार, एक तारीख. पत्र अजून टेबलावरच आहे. बसच्या कंडक्टरशी सकाळी भांडण झालं. तो म्हणाला पाकीट जाड आहे, मी म्हणालो डोकं जाड आहे, त्याने पत्र घेतलं नाही. ते बरंच झालं. दुपारी ओदिलिया आली. रविवारी दुकान बंद असतं, पण मी आत मशीन पुसत होतो. तिने एक कागद दिला. म्हटलं, तीस? म्हणाली, एकच. प्रत निघाली. तिने मूळ कागद पर्समध्ये घातला आणि प्रत काउंटरवरच ठेवून निघून गेली. मी हाका मारल्या, विसरलात म्हणून. तिने मागे वळून पाहिलं नाही. मग वाचलं:

‘फेर्मीन, हा आयुष्यात एकदाच फुलतो, मग हळूहळू जातो. कुणीही सांभाळला तरी जातो. आजीला ठाऊक आहे, म्हणून तर बाळ यंदा त्यात निजवलं. बुंध्याशी बघ. सुकलेली पानं बाजूला कर, ओढू नकोस. आणि सव्वीस तारखेचा हिरवा भुसा वाऱ्याने गेला नाही. सत्तावीसला पहाटे मी झाडला, आजी उठायच्या आत. पाठ अजून दुखते.’

मावशी, मी पाहिलं. दोन पिल्लं आहेत. अंगठ्याएवढी, रुपेरी, एक डावीकडे, एक मागे. एवढे दिवस भिंग घेऊन मी वरच बघत होतो. डावीकडच्यावर एक थेंब ठेवला. हिरवं झालं. तेव्हा वरची ता. क. रद्द समज, तो जाळीवरचा म्हातारा तिथेच राहू दे. त्याऐवजी एवढंच कर: पुढच्या सुट्टीत मी येईन, तेव्हा मला बोलाव आणि म्हण, फेर्मीन, इकडे ये, हे बघ कसं करायचं. सरड्यांकडे बघणार नाही. पिल्लं आईपासून कधी वेगळी करायची हे एकाही कागदात नाही.

ता. क. ३, सोमवार, कांदेलारिया, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. पत्र चोनाकाकू टाकतील. मेंढी खिशात आहे, बाळाच्या कानामागची शेवटची मुंगी आत्ता झाडली. कोंबडा दोन्ही हातांत धरणार आहे, सुकलेल्या पानांसकट, जसा आहे तसा. तो मेलेला की जिवंत हे आजींनी ठरवावं. कान धुऊन ठेवलेत. खिडकी पुसली आहे, उघडीच ठेवतोय. मारिंबावाले खाली सूर लावतायत आणि चोनाकाकू जिन्यातून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडतायत, ‘अरे ए समजा, चल की आता!’ म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं. रागवायला वेळ नाही. पेन ठेवतो, निघतो, आणि हात रिकामे नाहीत म्हणून दार पायानेच ओढून घेतो.